अ‍ॅम्बॅसेडरचा मागचा एक्सल डाव्या बाजूला सरकलाय, मध्यावर कसा आणायचा?

औसा_रोड
राम राम मंडळी. आमच्या घरी १९७६ ची अ‍ॅम्बॅसेडर आहे, मार्क ३, आजोबांनी घेतलेली. अकरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. गेल्या दिवाळीत मी आणि धाकट्यानं ती बाहेर काढली, इंजिन चालू झालं, ब्रेकचं सगळं नवीन टाकलं, आता गावात चालवायलो. पण एक भानगड आहे. मागं तिघं बसले आणि खड्डा लागला की डाव्या मागच्या टायरला फेंडर (चाकावरचा पत्रा) घासतं, कर्र आवाज येतो. उजव्या बाजूला काहीच नाही. मी पट्टी लावून मोजलं तर टायरची बाहेरची कड ते फेंडरची आतली कड, डावीकडं १४ मिलिमीटर आणि उजवीकडं ३६. म्हणजे एक्सल, मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, २२ मिलिमीटर डावीकडं सरकलाय.

लातुरात तीन मिस्त्र्यांना दाखवली. पहिला म्हणाला एक्सल कमानीला (पाट्यांच्या स्प्रिंगला) बांधणारे यू बोल्ट ढिले करून जॅकनं ढकलू, अर्ध्या तासाचं काम. दुसरा म्हणाला फेंडर ठोकून बाहेर काढू. तिसरा म्हणाला जुन्या गाड्या अशाच असतात, चालवा. तिघांचंही ऐकून घरी आलो आणि काहीच केलं नाही, कारण एकदा बिघडवलं तर ही गाडी परत मिळणार नाही. कुणी हे काम स्वतः केलंय का? सुरुवात कुठून करू?

पाना_बारा_तेरा
फोटो टाका आधी. खालून, दोन्ही बाजूंच्या कमानींचे.

बीडची_फियाट
वाचतेय. माझ्या पद्मिनीचं असंच झालं होतं, सविस्तर रात्री लिहिते.

निवृत्त_यंत्रवाला
औसा_रोड, ढकलू नका. तुम्ही थांबलात हे फार चांगलं केलंत.

आधी हिशोब दुरुस्त करू. दोन बाजूंत फरक २२ आहे म्हणून एक्सल २२ सरकला असं होत नाही. एक्सल डावीकडं १ मिलिमीटर गेला की डावी फट १ नं कमी होते आणि उजवी १ नं वाढते, फरक २ चा पडतो. म्हणजे तुमचा एक्सल साधारण ११ सरकलाय. 'साधारण' म्हणायचं कारण असं की तुम्ही मोजलंय फेंडरपासून, आणि फेंडर हा मोजायचा आधार नव्हेच. पन्नास वर्षांच्या गाडीचं फेंडर किती वेळा ठोकलं, किती वेळा पुट्टी भरली, कुणाला माहीत?

दुसरं, रिम. मागची दोन्ही चाकं एकमेकांच्या जागी लावा आणि परत मोजा. दहा मिनिटांचं काम आहे, एक पैसा लागत नाही. फट बदलली तर तेवढा दोष रिमचा, एक्सलचा नाही. हे केल्याशिवाय एकाही नटाला पाना लावू नका.

जालना_कमान
आमचा कमानी पाट्यांचा धंदा हाय, वडलांपासून. ट्रक, ट्रॅक्टर ट्रॉली, जीप समदं येतं. माझ्या मतानं तुमचा सेंटर बोल्ट तुटलाय. पाट्यांच्या मधोमध जो बोल्ट आरपार जातो त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीच्या भोकात बसतं, त्याच्यावरच एक्सल जागेवर राहतो. यू बोल्ट ढिला राहिला की सगळा मार त्या बोल्टावर येतो अन् तो कातरतो. मग एक्सल फिरायला मोकळा. आमच्याकडं दहातल्या आठ गाड्यांचं हेच निघतं. यू बोल्ट खोला, बोल्ट दोन तुकडे झालेला हातात येईल बगा.

हिंगोली_जीप
माझ्या विलीज जीपचा मागचा गोळा (एक्सलवरचा गिअरचा डबा) उजव्या बाजूला आहे, मधोमध नाही. घेतली तेव्हापासून. तो पण सरकलेला धरायचा का? घाबरलो हे वाचून.

पाना_बारा_तेरा
हिंगोलीवाले दादा, निवांत रहा. त्या जुन्या जीपांचा गोळा कंपनीतूनच उजवीकडं असतो, कारण ट्रान्सफर केसमधून, म्हणजे चारही चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरबॉक्समधून, मागं जाणारा शाफ्टच उजव्या अंगानं निघतो. गोळा एका बाजूला असणं वेगळं आणि अख्खा एक्सल एका बाजूला सरकणं वेगळं. तुमची दोन्ही चाकं बॉडीपासून सारखी आहेत का तेवढं बघा.

हिंगोली_जीप
सारखी आहेत! आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. जीव भांड्यात पडला.

बीडची_फियाट
आता लिहिते. पद्मिनी बाबांची, मी चालवते आणि जमेल तेवढं काम मीच करते. तीन वर्षांपूर्वी माझं स्टिअरिंग सरळ रस्त्यावर डावीकडं वळलेलं राहायचं. पुढचं अलाइनमेंट दोनदा केलं, दोन्ही वेळा 'झालं मॅडम' म्हणून गाडी दिली, सोलापूर-धुळे हायवेला लागलं की परत तेच. मागून येणाऱ्या मावसभावानं सांगितलं की ताई तुझी गाडी तिरकी पळतेय, रस्त्यावरून कुत्रं पळतं ना तोंड एकीकडं आणि मागचे पाय एकीकडं, तशी. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट करणारं मशीन गाठलं, त्यात दिसलं की मागचा एक्सलच तिरका बसलाय. एका बाजूचं चाक ८ मिलिमीटर मागं. १२०० मिलिमीटर रुंदीवर ८ म्हणजे जवळपास ०.४ अंश होतो, ऐकायला काहीच नाही, पण गाडी सरळ नेण्यासाठी पुढची चाकं कायम तेवढी वळवून धरावी लागतात. खोललं तर सेंटर बोल्ट तुटलेला, जालनावाले म्हणतात तसाच.

पण जालना_कमान दादा, इथंच मला तुमचं पटत नाहीये. माझा बोल्ट तुटला तेव्हा एक्सल मागंपुढं सरकला, आडवा नाही. आडवा कसा जाईल? पाट्यांच्या दोन्ही कडांना यू बोल्टचे पाय असतात, ते आडवं फारसं जाऊ देत नाहीत. औसा_रोडचा एक्सल आडवा सरकलाय. कारण वेगळं असणार.

जालना_कमान
ताई मुद्दा बरोबर हाय. आमच्याकडं येणारी माणसं 'एक्सल सरकला' एवढंच म्हणतात, मागंपुढं का आडवा ते कुणी मोजून आणत नाही. माझा शब्द थोडा मागं घेतो. तरी बोल्ट बघाच.

औसा_रोड
चाकं अदलाबदल केली. आता डावीकडं १६, उजवीकडं ३४. म्हणजे आधी डावीकडं होतं त्या चाकाची रिम २ मिलिमीटर जास्त बाहेर येतेय, बरोबर ना? ती रिम स्टेपनीला टाकली आणि स्टेपनीची चांगली रिम लावली. आता १६ आणि ३६. फरक २०.

निवृत्त_यंत्रवाला
अगदी बरोबर वाचलंत. आता बॉडीखालच्या पक्क्या जागांपासून मोजायचं. अ‍ॅम्बॅसेडरला ट्रकसारखी वेगळी चेसीस नाही, मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेली गाडी, बॉडीच्याच पोटाला पेट्या वेल्ड केलेल्या आहेत आणि कमानींची टोकं धरणारे हँगर त्यावर. त्या पेटीच्या बाजूपासून ब्रेकच्या मागच्या प्लेटपर्यंत दोन्हीकडं मोजा. आणि कमानीच्या पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतची लांबी, तीही दोन्हीकडं. जॅकवर टांगून मोजू नका, गाडी चारही चाकांवर, हवा सारखी, आत कुणी नाही.

ओळंबा
मी परभणीचा, गाड्यांतलं काही कळत नाही, घरं बांधतो. पण मोजणीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. गाडीच्या खाली वाकून पट्टी धरून मोजलं की पट्टी तिरकी होते, ५-७ मिलिमीटर कुठंही जातात. आम्ही काय करतो, वरचा बिंदू ओळंब्यानं खाली फरशीवर उतरवतो. शहाबादी फरशी असेल अंगणात तर उत्तमच. कमानीच्या पुढच्या दोन बोल्टांपासून ओळंबा सोडा, खाली खडूनं फुली मारा. मागच्या दोन बोल्टांचं तसंच. एक्सलच्या दोन टोकांचं तसंच. मग गाडी ढकलून बाजूला घ्या आणि फरशीवर उभं राहून आरामात मोजा. पुढच्या-मागच्या चार फुल्यांचे दोन कर्ण मोजा, सारखे आले तर बॉडी काटकोनात आहे, नाही आले तर गाडीनं कधीतरी जोरात मार खाल्लाय आणि मग एक्सल सरळ करून उपयोग नाही. मधली रेषा सुतळीनं काढा आणि एक्सलच्या दोन फुल्या त्या रेषेपासून किती लांब ते बघा. वारं असलं तर ओळंब्याचं वजन पाण्याच्या डब्यात बुडवा, डोलत नाही.

निवृत्त_यंत्रवाला
वा. चाळीस वर्षं कारखान्यात काढली, पण घरच्या अंगणात करण्यासाठी याच्याइतकी चांगली पद्धत मलाही सांगता आली नसती. पाण्याच्या डब्याचं तर फारच उपयोगी.

अंबाजोगाई_ते_पुणे
एवढं करण्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या नव्या गाडीचा अख्खा एक्सल बसवून टाका ना. पुण्यात बरेच जण करतात, डिस्क ब्रेकसकट. जुन्या लोखंडात जीव घालण्यात काय अर्थ. वेळ आणि पैसा दोन्ही जातो.

बीडची_फियाट
दादा, दुसरा एक्सल बसवला तरी तो याच कमानींवर आणि याच हँगरवर बसणार ना? मूळ दोष कमानीत असला तर नवा एक्सलही तितकाच सरकलेला बसेल, वर ब्रॅकेट वेल्ड करायची, शाफ्टची लांबी बदलायची. दोष शोधणं टळत नाही.

औसा_रोड
आणि मला आजोबांची गाडी हवीय, तिच्यासारखी दिसणारी दुसरी नको.

अंबाजोगाई_ते_पुणे
मान्य आहे. कमानीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पुढं काय होतंय लिहीत रहा, मी वाचतोय.

जिम्नी_नांदेड
थोडं वेगळं, पण विषयाला धरून. माझ्या जिम्नीला मागं कॉइल स्प्रिंग आहेत, पाटे नाहीत. कॉइल स्प्रिंग एक्सलला आडवं धरू शकत नाही म्हणून एक आडवा रॉड असतो, एक टोक बॉडीला आणि दुसरं एक्सलला. मी गाडी दोन इंच उचलून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर मागचा एक्सल एका बाजूला! कारण तो रॉड ठरलेल्या लांबीचा, बॉडी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो आणि एक्सलला एका बाजूला ओढतो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड टाकला, गाडी जमिनीवर उभी ठेवून फिरवत फिरवत मध्यावर आणला, झालं. अ‍ॅम्बॅसेडरला असं काही असतं का?

पाना_बारा_तेरा
नाही. अ‍ॅम्बॅसेडरला पाटेच सगळं करतात. वजन पण तेच उचलतात, एक्सल मागंपुढं आणि आडवा पण तेच धरतात. म्हणून तिथं फिरवायला स्क्रू नाही, मध्यावर नसेल तर काहीतरी झिजलंय, वाकलंय किंवा चुकीचं बसवलंय, यापलीकडं कारण नसतं. आडवं धरायचं काम मुख्य पाट्याची दोन टोकं करतात, पुढं रबरी बुश आणि मागं शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक बॉडीला लटकवणाऱ्या दोन पट्ट्या. औसा_रोड, मागून बघा, शॅकलच्या पट्ट्या उभ्या आहेत का कललेल्या?

औसा_रोड
रविवारी सगळं केलं. शेजारच्या गवंडीकाकांचा ओळंबा आणला, तेही बघायला आले, त्यांचा नातू, आमची आजी खुर्ची टाकून, असं अर्धं आळीच जमलं.

चार फुल्यांचे कर्ण, फरक २ मिलिमीटरचा. बॉडी सरळ आहे, हे ऐकून आजीनं सगळ्यांना चहा केला. पुढच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतची लांबी दोन्हीकडं सारखी, म्हणजे तिरका नाही. पेटी ते ब्रेक प्लेट, दोन बाजूंत फरक ९ मिलिमीटर. म्हणजे एक्सल खरा सरकलाय साडेचारच! फेंडरपाशी मात्र फरक २० चा. उरलेले ११ डाव्या फेंडरचे. वडिलांना विचारलं तर त्यांना आठवलं, मी जन्मायच्या आधी आजोबांची गाडी उसाच्या बैलगाडीला घासली होती आणि डावं फेंडर नवीन करून बसवलं होतं. तेव्हापासून ते ११ आत आहे आणि आम्हा कुणाला पत्ता नाही.

शॅकल: उजवं आतल्या बाजूला कललेलं, डावं अगदी उभं.

निवृत्त_यंत्रवाला
बघा. २२ पासून सुरुवात झाली आणि साडेचारवर आलो. पहिल्या मिस्त्र्यानं २२ ढकलायचा प्रयत्न केला असता तर काय झालं असतं याचा विचार करा.

पाना_बारा_तेरा
उजवं शॅकल कललंय म्हणजे उजवे बुश गेले. रबर मेलं की शॅकल झोपतं. उजवे बुश बदला, काम झालं.

जालना_कमान
आता मी बोलतो, हे माझं क्षेत्र हाय. बुश गेले असतीलच, पण शॅकल आपोआप एका अंगाला झोपत नाही, त्याला कुणीतरी ओढतंय. बुश मेले म्हणून त्यानं ओढू दिलं एवढंच. उजवं आत म्हणजे डावीकडं कललंय, म्हणजे डावीकडून ओढ हाय. जे उभं दिसतंय त्याच्यावर संशय घ्या. डाव्या कमानीवरची माती खरवडा, डिझेलनं धुवा, पाट्यांच्या कडा एकावर एक सरळ रेषेत हायत का बोटानं चाचपा. आणि यू बोल्टच्या पायाशी पाट्याला घासल्याचा चट्टा दिसतो का.

धाव_आणि_आरी
माझं वय सत्तरीच्या पुढं. धागा वाचताना एक आठवलं. आमच्या आजोबांच्या बैलगाडीचं एक चाक सारखं साटीला घासायचं. गड्यानं त्या चाकाला दोष दिला, धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) बदलली, तुंबा (चाकाचा मधला लाकडी गोळा) तासला, काही फरक नाही. लोहारानं बघितलं आणि म्हणाला चाक बरं आहे, आख (गाडीचा एक्सल) बांधताना दुसऱ्या अंगाला खाच चुकलीय. घासणाऱ्या चाकाचा गुन्हा नव्हता. जालन्याच्या भाऊंचं बोलणं तसंच वाटलं.

बीडची_फियाट
काका, किती छान. धाव चढवतानाचं लिहा ना कधी, मी लहानपणी बघितलंय, लाल झालेली धाव चाकावर टाकून पाणी ओततात ते.

धाव_आणि_आरी
लिहितो बेटा. धाव चाकापेक्षा घेरात थोडी लहानच करतात. शेणाच्या गोवऱ्या लावून तापवली की फुगते, चाकावर बसते, पाणी टाकलं की आवळते आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट दाबून धरते. खिळा लागत नाही. पाणी सगळीकडून एकदम टाकावं लागतं, एका बाजूनं टाकलं तर चाक वाकडं.

परभणी_परवाना
अवांतर. औसा_रोड, तुमची गाडी १९७६ ची म्हणजे ५० पूर्ण झाली की व्हिंटेज नोंदणीला बसेल. २०२१ च्या नियमानं ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी ५,०००. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. आणि मूळ गाडीत मोठे बदल केलेले चालत नाहीत. दुसरा एक्सल टाकायच्या आधी हेही बघा.

औसा_रोड
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण आम्हाला रोज चालवायचीय, आजीला दवाखान्यात न्यायला हीच सोपी पडते, सीट उंच आहे. त्यामुळं साध्या नोंदणीवरच ठेवू.

जालन्याच्या भाऊंना नमस्कार. सापडलं.

डावी कमान धुतली तर मुख्य पाटा, म्हणजे ज्याची टोकं गुंडाळलेली असतात तो, बाकीच्या पाट्यांपेक्षा ५ मिलिमीटर आत सरकलेला. मातीच्या थराखाली दिसतच नव्हतं. आतल्या यू बोल्टच्या पायाचा चकचकीत चट्टा त्याच्या कडेवर. खोलल्यावर सेंटर बोल्ट शाबूत, पण मुख्य पाट्यातलं भोक मधोमध नाही, बाहेरच्या बाजूला ५ मिलिमीटर. उजवीकडचा पाटा वेगळा दिसतो, जाडी पण वेगळी. म्हणजे डावा मुख्य पाटा कधीतरी तुटला असणार आणि कुणीतरी हातानं भोक पाडून दुसरा टाकलाय. तेव्हापासून एक्सल डावीकडं ओढला जायलाय, उजवे बुश चांगले होते तोवर दोन्ही कमानी एकमेकींशी भांडत मधे थांबल्या, बुश मेल्यावर उजवी हरली.

आता प्रश्न: भोक वेल्डिंगनं भरून मधोमध नवीन पाडलं तर? लातूरचा वेल्डर तयार आहे.

जालना_कमान
नको नको नको. पाट्याला वेल्डिंग लावायचं नाही, कधीच नाही. त्या पोलादाला दिलेलं पाणी वेल्डिंगच्या उष्णतेनं उतरतं, बाजूची जागा ठिसूळ होते आणि तडकते. आणि मधलं भोक म्हणजे पाट्यावरची सगळ्यात नाजूक जागा, सगळा ताण तिथंच येतो. भोक लांबट पण करू नका. कुणी म्हणालं गॅसनं तापवून टोकं सरळ करून देतो तर त्यालाबी नको म्हणा. नवीन मुख्य पाटा घ्या, आणि घ्यायचाच तर दोन्ही बाजूंचे एका मापाचे, एकाच जाडीचे. एकच बदलला तर गाडी एका अंगाला उंच राहील. भोक पाडताना पाट्याच्या दोन्ही कडांपासून मोजून, बसवायच्या आधी तुम्ही स्वतः मोजा, आमच्या माणसांवर पण सोडू नका.

निवृत्त_यंत्रवाला
बसवतानाच्या काही गोष्टी सांगतो, कारण इथंच बहुतेक कामं बिघडतात.

गाडी उचलल्यावर बॉडीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, दोन. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणीही जायचं नाही, विटा रचून तर अजिबात नाही. एक्सलखाली वेगळा जॅक, म्हणजे तो हळूहळू वर-खाली करता येतो. ब्रेकची मागची रबरी नळी ताणली जात नाही ना बघा.

रबरी बुशांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरे.

शॅकलचे आणि पुढचे बोल्ट आधी फक्त हातानं लावा. गाडी चाकांवर उतरवा, मागं एक-दोघांना बसवून पुढं-मागं ढकला, कमान आपल्या जागी बसली की मगच आवळा. हवेत टांगलेली असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. तुमचे उजवे बुश असेही लवकर गेले असतील.

सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात नीट बसलंय हे डोळ्यांनी बघूनच यू बोल्ट चढवा. जुने यू बोल्ट परत वापरू नका, ते ताणलेले असतात. चार नट समोरासमोरचे, थोडे थोडे, फिरत फिरत आवळा. ५०० किलोमीटरनंतर परत एकदा.

हिंगोली_जीप
बुश हवेत आवळू नये हे मी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. माझ्या ओळखीचे सगळेच टांगून आवळतात. उद्या त्यांना हा धागा वाचून दाखवणार.

पाना_बारा_तेरा
माझाही अंदाज अर्धाच निघाला, मी बुशावर थांबलो होतो. कललेलं शॅकल दिसलं की तेच दोषी, ही सवय मोडायला हवी.

ओळंबा
झाल्यावर परत फरशीवर फुल्या मारा आणि आकडे इथं लिहा. काम झालं असं म्हणून सोडू नका, मोजून दाखवा.

औसा_रोड
धागा वर काढतोय, दीड महिना झाला. सोयाबीनच्या काढणीत अडकलो होतो.

जालन्याहून दोन्ही मुख्य पाटे करून आणले, दुकानात उभं राहून भोकं मोजली. बुश सगळे नवीन, सेंटर बोल्ट नवीन, यू बोल्ट नवीन. धाकट्यानं आणि मी दोन दिवस घालवले, त्यातला पहिला अर्धा दिवस गंजलेला एक पुढचा बोल्ट निघेना म्हणून गेला. तेल टाकून रात्रभर ठेवला, सकाळी हलला. गाडी खाली उतरवून गवंडीकाका, त्यांचा नातू आणि वडील असे तिघं मागं बसवले आणि मगच बोल्ट आवळले.

ओळंबादादा, आकडे घ्या. पेटी ते ब्रेक प्लेट, आधी फरक ९ होता, आता १. शॅकल दोन्ही उभी. पुढच्या बोल्टपासून एक्सलची लांबी दोन्हीकडं सारखी. फेंडरपाशी डावीकडं २०, उजवीकडं ३२. त्या १२ च्या फरकातले ११ फेंडरचे आहेत आणि ते तसंच ठेवलंय. टायर आता घासत नाही.

बीडची_फियाट
ते फेंडर कधी सरळ करणार?

औसा_रोड
वडील नको म्हणतात. आजोबांनी स्वतः बसून ते बनवून घेतलं होतं, त्याला कुणी हात लावायचा नाही असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. २० ची फट पुरते.

निवृत्त_यंत्रवाला
पुरते. राहू द्या. ५०० किलोमीटरचं विसरू नका.

औसा_रोड
काल झाले ५००. आजीला तुळजापूरला नेऊन आणलं, मागं चौघं, वाटेत काळ्या मातीवरचा तो लाटांसारखा उठलेला रस्ता, एकदाही आवाज नाही. घरी येऊन पाना लावला. आठ नटांपैकी पाच जागच्या जागी होते, डावीकडचे तीन पाव फेरा फिरले.